ज्वारीचे ताट आणि सरकारी आहारसल्ला : हिंगोलीच्या शिवारातून एक इतिहास

१/
८ मे २०२४ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सतरा सूचनांच्या या पुस्तकात दिवसभराच्या ताटाचे एक चित्र आहे. दोन हजार उष्मांकांच्या त्या ताटात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि थोड्या तेलबिया सांगितल्या आहेत. तृणधान्यांमध्ये ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांना मानाचे स्थान आहे. हे चित्र हिंगोली जिल्ह्यातील सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्यापुढे ठेवले, तर त्यातले बरेच काही त्याला ओळखीचे वाटेल. भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी आणि ताक.

२/
मग प्रश्न असा, की जे ताट इथे होतेच, ते आज सल्ला म्हणून परत का येत आहे? मधल्या काळात ते कोणी हलवले? आणि सल्ला ऐकणाऱ्या माणसाच्या मनात ‘ज्वारी’ या शब्दाबरोबर कोणत्या आठवणी जाग्या होतात? आजच्या धाग्यात या तीन प्रश्नांचा माग काढायचा आहे. आहाराचा इतिहास राजांच्या बखरीत फारसा सापडत नाही. तो लेव्हीच्या हुकमात, रेशनच्या दुकानात, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात आणि गावाच्या पीकनोंदीत विखुरलेला असतो. तो तिथूनच गोळा करू.

३/
आधी ‘शाश्वत आहार’ या कल्पनेची जन्मकथा. जोन गसॉ आणि कॅथरीन क्लॅन्सी या दोन अमेरिकन अभ्यासक स्त्रियांनी १९८६ मध्ये एका लेखात विचारले, की आहाराचा सल्ला देताना केवळ खाणाऱ्याच्या शरीराचाच विचार का करावा. माती, पाणी आणि ऊर्जा यांचा का नाही? हा विचार सरकारी पुस्तकांत यायला जवळजवळ तीन दशके लागली. ब्राझीलने २०१४ मध्ये आणि स्वीडनने २०१५ मध्ये आपल्या राष्ट्रीय सल्ल्यात पर्यावरणाला जागा दिली. अमेरिकेत २०१५ मध्ये तज्ज्ञ समितीने तशी शिफारस केली, पण सरकारने ती अंतिम मार्गदर्शक तत्त्वांत घेतली नाही.

४/
भारताच्या २०२४ च्या सतरा सूचनांची शीर्षके वाचा. आहारातील विविधता, गरोदर मातेचा आहार, स्तनपान, बालकांचा आहार, तेल, मीठ, पाणी, व्यायाम, अतिप्रक्रियायुक्त पदार्थ, वेष्टनावरील मजकूर असे विषय त्यांत आहेत. पर्यावरणाच्या नावाने स्वतंत्र सूचना एकही नाही. म्हणजे आपल्याकडे शाश्वततेचा विचार डाळी, भाज्या आणि पौष्टिक तृणधान्ये यांच्या आडून येतो. तो वाचकाने ओळखायचा असतो. आणि वाचक तो आपल्या गावाच्या अनुभवातूनच ओळखतो. म्हणून आता शिवारात जाऊ.

५/
हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. पैनगंगा, पूर्णा आणि कयाधू या इथल्या नद्या. कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्या हैदराबादेतून आज देशाला आहाराचा सल्ला मिळतो, ते एकेकाळी या गावांच्या राजधानीचे शहर होते, ही नोंद ध्यानात ठेवावी.

६/
या काळ्या जमिनीतले जुने शेत म्हणजे एका पिकाचे शेत नव्हे. खरिपात ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ, मध्ये मूग-उडीद, कडेला अंबाडी. रब्बीत ज्वारी, हरभरा, जवस आणि बांधालगत काटेरी करडई, कारण तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. अंबाडीची पाने भाजीला आणि तिचा वाख दोरखंडाला. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत आणत. एका पिकाला पावसाने दगा दिला, तरी दुसरे हाती लागे. ताटात जी विविधता दिसे, ती आधी शेतात पेरलेली असे. भाकरीसोबत वरण हा स्वयंपाकघराचा निर्णय होता, त्याहून अधिक तो पेरणीचा निर्णय होता.

७/
ज्वारीचे दुसरे पीक म्हणजे कडबा. दाणा माणसाला, कडबा बैल-गाईला. जनावराचे शेण पुन्हा शेताला आणि दूध-ताक घराला. दाणा बळदात किंवा जमिनीतल्या पेवात साठवला जाई. कमी पाण्यात, खोल मुळांच्या बळावर तग धरणारे हे धान्य पठाराच्या लहरी पावसाला साजेसे होते. या साऱ्याला कोणी ‘शाश्वत’ म्हणत नव्हते. लोक म्हणत, भाकरी आधार देते, भूक धरते, पचते. आजच्या अभ्यासकाला जी व्यवस्था दिसते, ती त्या शब्दांच्या आत होती.

८/
परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने इथेच सावध व्हावे. हे ताट सर्वांना मिळत होते का? सालगड्याला वर्षाचे धान्य ठरवून मिळे. डाळ, दूध आणि तूप त्या करारात असेलच असे नाही. भूमिहीन आणि दलित कुटुंबांच्या घरी अनेक दिवस नुसत्या कण्या शिजत आणि भाकरीबरोबर मिरची-मीठ असे. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवे. पहाटे जात्यावर दळण आणि मग चुलीपुढे भाकऱ्या थापणे, हे श्रमही तिचेच. शेतातील विविधता आणि प्रत्येकाच्या पानातील विविधता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जुन्या आहाराचे गोडवे गाताना हे विसरले, की इतिहासाची जाहिरात होते.

९/
आता प्रयोगशाळेकडे. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी दक्षिणेतील कुन्नूर येथे बेरीबेरी रोगावरील संशोधन सुरू केले. पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, तिचे हे बीज. १९२० च्या दशकात त्यांनी भारतातील निरनिराळ्या समाजांचे आहार उंदरांच्या गटांना खाऊ घालून त्यांच्या वाढीची तुलना केली. गहू, डाळ, दूध, भाज्या असलेला शीख आहार पहिला आला आणि भाताचा मद्रासी आहार शेवटचा; मराठा आहार वरच्या तीनांत होता. या प्रयोगाने कुपोषणाकडे लक्ष वेधले हे खरे. पण त्याच्या मांडणीत आहार म्हणजे एका समाजाचे एक ठरावीक ताट होते. त्या समाजातला जमीनदार आणि सालगडी एकच जेवतात, असे जणू गृहीत धरले होते.

१०/
मॅककॅरिसन यांच्यानंतर १९३५ मध्ये वॉलेस एक्रॉईड संचालक झाले. १९३७ मध्ये त्यांनी हेल्थ बुलेटिन क्रमांक २३ प्रसिद्ध केले. भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य आणि समाधानकारक आहाराचे नियोजन हा त्याचा विषय. आपल्या आहार-तक्त्यांचा हा पूर्वज. ज्वारी, तूर, अंबाडी आता प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे यांच्या रकान्यांत बसली. १९४४ मध्ये भारतीयांसाठी दैनंदिन पोषणगरजांच्या शिफारशी आल्या. हे काम मोलाचे होते. पण रकान्यात न मावणाऱ्या गोष्टी, म्हणजे कडबा, पाणी, बियाणे, मातीचा पोत, सल्ल्याच्या बाहेर राहिल्या. गसॉ आणि क्लॅन्सी यांनी १९८६ मध्ये बोट ठेवले, ते याच जागेवर.

११/
१९५८ मध्ये ही संस्था कुन्नूरहून हैदराबादला आली आणि ज्वारीच्या मुलुखाच्या उंबऱ्यावर बसली. तिथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पेलाग्रा हा रोग जगभर मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. दख्खनमध्ये तो प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळला. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे जास्त प्रमाण याला कारणीभूत असावे. कारणाची चर्चा पुढे बरीच झाली. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की रोग ज्वारी-वरण-भाजी-ताक खाणाऱ्याला होत नव्हता. ज्याच्या पानातून वरण, भाजी आणि ताक गेले होते, त्याला होत होता.

१२/
याच सुमारास जगात ‘प्रथिनांची दरी’ हा शब्द गाजत होता. गरीब देशांना प्रथिनांची पूड आणि खास खाद्ये द्यावीत, असा आग्रह होता. त्याला ठाम विरोध करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. १९५१ ते १९७१ या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे, की नेहमीचा धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते; खरी उणीव पोटभर अन्नाची आहे. गावच्या भाकरी-वरणाला आकडेशास्त्राने दिलेला हा कौल होता. मात्र ‘पोटभर’ या शब्दाचे धोरणात रूपांतर झाले, ते उष्मांकांच्या आकड्यात. आकडा गाठायचा, तर तो सर्वांत सोप्या धान्याने गाठता येतो.

१३/
सरकार आणि ज्वारी यांचे नाते प्रथम सल्ल्याचे नव्हते. ते वसुलीचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निझाम सरकारने सक्तीची धान्यलेव्ही बसवली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातही १९६० च्या दशकात ज्वारीची सरकारी खरेदी आणि लेव्ही आली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगावच्या बोलीत तेव्हाच रुजला. उत्पन्न वाढले, पण ही ज्वारी लवकर पक्व होई आणि परतीच्या पावसात सापडली, की कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडे. ताट बुटके, त्यामुळे कडबाही कमी. ‘हायब्रीडची भाकरी’ हा शब्दप्रयोग हळूहळू चवीच्या तक्रारीचा झाला.

१४/
आणि मग १९७२. मराठवाड्याच्या स्मृतीतला सर्वांत खोल ओरखडा. पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दुष्काळी कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत, रस्ते आणि पाझर तलाव बांधत होती. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर आली अमेरिकेतील लालसर ज्वारी, ‘मिलो’. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकते. मिलोने अनेकांचे प्राण तगवले. आणि तिनेच ज्वारी या शब्दाला लाचारीची चव चिकटवली. या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवली, ती मिलोची भाकरी.

१५/
१९७२ हे वर्ष आहाराच्या इतिहासात आणखी एका कारणाने नोंदवावे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ज्वारी-बाजरी आणि कडधान्यांवर काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेत राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळ उभे राहिले. बियाणे, पीक आणि ताट यांचा अभ्यास करणाऱ्या तीन संस्था एका वर्षी, एकाच पठारावर जन्मल्या. पण एक बियाणे मोजत होती, एक उत्पादन आणि एक माणसांच्या पोटात गेलेले अन्न. शेतकऱ्याच्या घरात मात्र या तिन्ही गोष्टी एकाच उंबऱ्याच्या आत होत्या.

१६/
दुष्काळानंतर गव्हाची प्रतिष्ठा वाढली, यात नवल नाही. जुन्या मराठवाड्यात गव्हाची पोळी म्हणजे सण किंवा पाहुणा. जी गोष्ट सणाला मिळते, ती रोज मिळावी ही इच्छा माणसाला शोभणारीच आहे. सिंचन आणि हरितक्रांतीमुळे गहू-तांदळाचे साठे वाढले आणि सरकारी वितरण त्यांच्याभोवती बांधले गेले. १९९५ मध्ये शाळेतील मुलांसाठी केंद्राची पोषण आहार योजना आली. आरंभी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण सुरू झाले. भाकरीच्या मुलुखातील लेकरांचे सरकारी जेवण भाताची खिचडी झाले. भुकेल्या मुलांना तिने शाळेत टिकवले. तिच्याबरोबर चवही घडत गेली.

१७/
२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. म्हणजे कायद्यात ज्वारीला जागा होती. तिच्या किमतीतही एक अर्थ दडलेला होता. सर्वांत स्वस्त ते सर्वांत हलके, असाच तो वाचला गेला. प्रत्यक्षात रेशनवर आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आता ज्या मजूर कुटुंबाला ज्वारी खायची आहे, त्याला ती बाजारातून विकत आणावी लागते आणि गहू मात्र पैशाविना घरी येतो. एकेकाळी गरिबाची ती भाकरी, श्रीमंताची ती पोळी. आज हा हिशेब उलटा झाला आहे.

१८/
शिवारात काय झाले? १९९० च्या दशकापासून सोयाबीन पसरत गेले. सुमारे शंभर दिवसांत निघणारे, रोख पैसा देणारे, आणि पुढे रब्बीला रान मोकळे करणारे पीक. शेतकऱ्याचा हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. कर्ज, शाळेची फी आणि दवाखाना ज्वारीच्या कण्यांनी भागत नाहीत. सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांच्या पाण्याचा आधार मिळाला तिथे हळद वाढली; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सोयाबीनचे तेल गिरणीत जाते आणि पेंड बहुतांश कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात. घराच्या ताटात त्यातले फारसे काही येत नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातील जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर ताक आणि शेणखत. ओळीत पेरलेली तूर उरली. मूग-अंबाडी-कारळ यांची जागा आक्रसली.

१९/
यातला एक बारकावा शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसतो, तो पाखरांचा. सारे शिवार ज्वारीचे असे, तेव्हा पाखरे सर्वांच्या शेतात वाटली जात. माचावर बसून गोफण फिरवणारे राखणदार सगळीकडे असत. आता दहा जणांच्या सोयाबीनमध्ये एकाची ज्वारी उभी राहिली, तर साऱ्या गावाची पाखरे त्या एका रानावर उतरतात. रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. राखणीला माणूस मिळत नाही आणि काढणीची मजुरी परवडत नाही. म्हणून ‘पुन्हा ज्वारी पेरा’ हा सल्ला एकेकट्या शेतकऱ्याला देता येत नाही. हे पीक मुळात गावाने मिळून पिकवायचे होते.

२०/
आता पुन्हा पुस्तकांकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये आली, २०११ मध्ये सुधारली आणि २०२४ मध्ये पुन्हा. दरम्यान एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादींना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. ‘भरड’चे ‘पौष्टिक’ होणे ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे; अर्ध्या शतकाच्या अवहेलनेवरची ती सरकारी दुरुस्ती होती. त्याच संस्थेच्या २०२४ च्या पुस्तकानुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे. तेव्हा घाई समजण्यासारखी आहे.

२१/
पण हा सल्ला लोकांपर्यंत पोचतो तेव्हा त्याचे काय होते? त्याचे तीन अर्थ निघताना दिसतात. ज्यांनी मिलो खाल्ली, त्यांना तो पुन्हा गरिबीकडे बोलावल्यासारखा वाटतो. मधल्या पिढीला तो डॉक्टरची चिठ्ठी वाटतो, कारण मधुमेह झाल्यावर ‘आता ज्वारीची भाकरी खा’ असे सांगितले जाते. म्हणजे ज्वारी ही आजाऱ्याची पथ्याची वस्तू. आणि शहरातल्या तरुणाला तो चकचकीत वेष्टनातील बिस्कीट किंवा पास्ता वाटतो. शिवार, पाणी, कडबा, बियाणे हा चौथा अर्थ मात्र तिन्हींतून निसटतो. सल्ल्याच्या पुस्तकातही तो ठळक अक्षरांत नाही. लोकांची समज तोकडी आहे, असे म्हणून इथे मोकळे होता येत नाही. त्यांची समज त्यांच्या इतिहासातून आली आहे.

२२/
हा प्रश्न केवळ हिंगोलीचा नाही. २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट आयोगाने माणूस आणि पृथ्वी दोघांना मानवेल असा जागतिक आहार सुचवला. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवले, की तो आहार जगातील सुमारे १५८ कोटी लोकांना परवडणारा नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात भारतीय ताटाची त्या आहाराशी तुलना झाली. आपल्या ताटात तृणधान्यांचा वाटा फार मोठा आणि डाळी, फळे, भाज्या यांचा फार लहान निघाला. म्हणजे भारतातील गरिबाचा आहार पर्यावरणाला हलका असेल, पण म्हणून तो चांगला ठरत नाही. कमी खाणे आणि शाश्वत खाणे यांत गल्लत करणाऱ्यांना १९६० चा पेलाग्रा आठवून द्यावा.

२३/
विज्ञान थांबलेले नाही. इक्रिसॅटच्या सहकार्याने परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला. परंतु २०२४-२५ च्या खरिपासाठी हमीभाव पाहा. संकरित ज्वारी ३,३७१ रुपये क्विंटल, सोयाबीन ४,८९२ आणि तूर ७,५५०. कागदावरचा हमीभाव प्रत्यक्ष बाजारात मिळतोच असेही नाही. ज्या सरकारचे एक खाते ‘ज्वारी खा’ म्हणते, त्याचेच दुसरे खाते मोफत गहू देते आणि तिसरे सोयाबीनला अधिक भाव बांधते. लोक आहाराचा सल्ला पुस्तकातून थोडा आणि रेशनच्या पोत्यातून फार शिकतात. अंगणवाडी, शाळा आणि रेशन यांत स्थानिक ज्वारी, तूर आणि पालेभाजी नियमित आली, तर तो सल्ला हिंगोलीत न वाचताही समजेल.

२४/
शेवटी, इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण मित्रांसाठी एक गृहपाठ. आपल्या गावाच्या सातबाऱ्यावरील पीकपाण्याच्या जुन्या नोंदी काढा. मराठवाड्यात त्याहून जुनी पाहणीपत्रके मिळतात. १९५५, १९७५, १९९५ आणि २०१५ या वर्षांत एकाच गटात काय पेरले होते, ते लिहून घ्या. मग घरातल्या आजीला विचारा, की त्या त्या काळी तिच्या ताटात काय होते, आणि तिच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या ताटात काय होते. दोन्ही उत्तरे लिहा. एकच लिहिले तर चित्र अर्धे राहील. देशाने पुढे काय खावे, यावर बोलण्याचा अधिकार या नोंदींनाही आहे, आणि त्या अजून कोणी नीट वाचलेल्या नाहीत.